नॉरफोकला मी काय बोललो

वेस्ट विंडसर

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगाऱ्यावर चार पानं लिहावीत अशी आपल्याकडे रीत आहे. नायगारा मीही पाहिला, भिजलो, काठावर उभं राहून फोटो काढून घेतला. पण मला लिहायचं आहे ते नॉरफोकबद्दल. तिथे मी जेमतेम तीन दिवस होतो. त्यातल्या एका मिनिटात मी जे बोललो ते आठवलं, की एकटा बसलेलो असलो तरी मान खाली जाते.

मी सांगलीला एका शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त झालो तेव्हा धाकट्या बहिणीचा, सुमनचा, आग्रह सुरू झाला. ती आणि तिचे यजमान प्रभाकरराव सोमण न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहतात. प्रभाकरराव एका प्रयोगशाळेत संशोधक आहेत. त्या गावात घरांना कुंपणं नाहीत. एकाची हिरवळ कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते हे कापलेल्या गवताच्या उंचीवरून ओळखायचं. आपल्याकडे रंगीत टीव्ही येऊन चार-पाच वर्षं झाली होती. सुमनकडे तीन टीव्ही होते आणि तिन्ही बंद होते.

दर शनिवारी संध्याकाळी कुणा ना कुणाकडे मराठी मंडळी जमायची. पहिल्याच शनिवारी आम्ही अशा एका घरी गेलो. श्रीखंड होतं, मसालेभात होता, आणि गप्पा होत्या मुलांच्या. कुणाची मुलगी डॉक्टर होत होती, कुणाचा मुलगा रेडमंडला सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागला होता. मग एक काकू सुमनला म्हणाल्या, "तुमच्या अजितचं काय चाललंय गं? दिसलाच नाही दोन वर्षांत."

"कॅलिफोर्नियात असतो तो. रिसर्च करतोय," सुमन म्हणाली आणि कोशिंबिरीचं भांडं उचलून आत गेली. भांडं अर्धं भरलेलं होतं.

खरं काय ते मला माहीत होतं. अजित, माझा एकुलता एक भाचा, अमेरिकेत जन्मलेला, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कुणाला न सांगता अमेरिकन नौदलात भरती झाला होता. अधिकारी म्हणून नव्हे, साधा खलाशी म्हणून. विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रं दुरुस्त करायचं शिक्षण त्याला तिथेच मिळालं आणि आता तो पेटी ऑफिसर, म्हणजे आपल्याकडच्या हवालदाराच्या तोडीचा, होता. प्रभाकरराव त्याच्याशी बोलत नव्हते. सुमन लपूनछपून फोन करायची.

मी मात्र त्याला पत्रं लिहायचो. तो आठ-नऊ वर्षांचा असल्यापासूनची सवय. मी मराठीत लिहायचो, सुमन वाचून दाखवायची, पुढे तो स्वतःच अडखळत वाचायला लागला, आणि इंग्रजीत उत्तर पाठवायचा. मी किल्ल्यांबद्दल, आरमाराबद्दल लिहायचो आणि त्याचे प्रश्न यायचे. मी निघण्याआधी त्याचं पत्र आलं होतं. त्याच्या स्क्वॉड्रनला, म्हणजे विमानांच्या तुकडीला, वीस वर्षं पूर्ण होत होती. स्क्वॉड्रनचा इतिहास लिहायचं काम त्याने मागून घेतलं होतं. तो समारंभ मी तिथे असतानाच होता. 'मामा, तू ये. तुला दाखवायचंय,' एवढंच लिहिलं होतं.

मी जातो म्हटल्यावर प्रभाकरराव वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "जाऊन या. गाव चांगलं आहे म्हणतात."

सुमनने बेसनाचे लाडू केले आणि डबा माझ्या पिशवीत ठेवताना हळूच म्हणाली, "अण्णा, तिकडेही आपली मंडळी आहेत. कुणी भेटलं तर... तू सांभाळून घे हं."

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. पुढच्या सगळ्या गोष्टी या तीन शब्दांपासून सुरू झाल्या.

समुद्राखालचा रस्ता

नॉरफोक व्हर्जिनिया राज्यात आहे. मी बसने गेलो. वाटेत एक खाडी लागते, खाडी कसली, समुद्रच. तिच्यावर मैलोन् मैल पूल आहे. मध्येच पूल संपतो आणि रस्ता सरळ पाण्याखाली बोगद्यात शिरतो. पुन्हा वर येतो, पुन्हा पूल. शेजारच्या बाईंनी मला कारण सांगितलं: नौदलाची मोठी जहाजं जाता-येता पुलाला अडायला नकोत, म्हणून रस्त्यानेच खाली वाकायचं. आपल्याकडे रस्ता असा कुणासाठी वाकलेला मी पाहिला नव्हता.

बसच्या थांब्यावर अजित उभा होता. मी त्याला शेवटचा पाहिला तेव्हा तो बारा वर्षांचा होता, सांगलीच्या उन्हाने घामोळं उठलेला. आता माझ्यापेक्षा वीतभर उंच, केस बारीक कापलेले. तो वाकून पाया पडला. तिथल्या थांब्यावर, सगळ्यांदेखत. दोन-तीन लोक बघत राहिले. मला संकोच वाटला, त्याला वाटला नाही.

त्याची खोली लहान होती. जेवणाच्या टेबलावर कागद, फोटो, टेपरेकॉर्डर. त्याने माझ्यासाठी वरणभात करायचं ठरवलं होतं. वरणाला फोडणी मी देतो म्हटलं. तेल तापलं, मोहरी टाकली, लाल मिरची टाकली, आणि छतावरचं एक पांढरं यंत्र असं काही ठणाणा करायला लागलं की मी पळीच खाली टाकली. आगीचा इशारा देणारं यंत्र होतं ते. शेजारचा माणूस बनियनवर धावत आला. अजित खुर्चीवर चढून टॉवेलने धूर हटवत होता आणि हसत होता. "इट्स ओके!" तो शेजाऱ्याला म्हणाला. "माय अंकल इज कुकिंग." आणि मला म्हणाला, "मामा, अर्ली वॉर्निंग म्हणजे हेच. माझं काम हेच आहे."

जेवताना त्याने ते काम समजावून सांगितलं. मराठीत सुरुवात करायचा आणि इंग्रजीत संपवायचा. जहाजाच्या डोलकाठीवर रडार असतं, पण पृथ्वी गोल असल्यामुळे त्याला क्षितिजापलीकडचं दिसत नाही. पाण्याला चिकटून येणारं शत्रूचं विमान अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. म्हणून रडारच विमानात घालून वर न्यायचं. हे विमान विमानवाहू जहाजावरून उडतं, तासन् तास उंच घिरट्या घालतं आणि काय दिसतं ते खाली सांगतं. पाच माणसं आत असतात, दोन चालवणारी, तीन पडद्यांकडे बघणारी.

"आणि बंदुका?"

"नाहीत."

"एकही नाही?"

"एकही नाही. वी जस्ट टेल पीपल. आम्ही फक्त सांगतो."

माझ्या मनात बरेच दिवस एक प्रश्न होता, तो मी विचारला. एकाहत्तरच्या युद्धात अमेरिकेचं विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागरात आलं होतं. आम्ही सांगलीत खिडक्यांना काळे कागद लावून रेडिओशी बसलो होतो. तेव्हा तुझं हे स्क्वॉड्रन त्या जहाजावर होतं का?

तो हसला नाही. उठून एक वही घेऊन आला. "तू विचारशील माहीत होतं. आय चेक्ड. आमचं नव्हतं. दुसरं होतं." मग वही मिटून म्हणाला, "असतं तर तेही लिहिलं असतं, मामा."

हँगर

दुसऱ्या दिवशी त्याने मला ते विमान दाखवलं. त्याला हॉकआय म्हणतात. दोन पंख्यांचं, करडं, आणि पाठीवर एक प्रचंड गोल तबकडी. आमच्या सांगलीच्या घरातलं स्वयंपाकघर त्या तबकडीवर सहज मावलं असतं. उडताना ती संथ फिरत राहते. जहाजावर जागा कमी, म्हणून या विमानाचे पंख वळून मागे अंगाला चिकटतात. झोपलेल्या कोंबडीसारखं दिसतं ते तेव्हा. अजितने मला शिडीवरून आत चढवलं. आत दाटी होती आणि जळक्या धुळीचा वास होता. एक झाकण उघडून त्याने आतल्या तारांकडे बोट केलं. "हे माझं. यातलं काही बिघडलं तर मला उठवतात."

शनिवारी समारंभ होता. हँगर म्हणजे विमानं ठेवायची अवाढव्य शेड. ती झाडून, धुऊन त्यात घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बायकामुलं, म्हातारे खलाशी, चाकाच्या खुर्चीवरचे दोघे-तिघे. एका टेबलावर विमानाच्या आकाराचा केक, त्याच्या पाठीवर तबकडी म्हणून मोठं गोल बिस्कीट. मी नेहरू जाकीट घालून गेलो होतो. अजित पांढऱ्या गणवेशात होता, छातीवर नावाची पट्टी.

भिंतीच्या कडेने त्याने तयार केलेले तक्ते उभे होते. पहिल्यावर या कामाची अगदी जुनी विमानं, पोटाखाली रडारचा फुगवटा लोंबणारी, गाभण गाईसारखी. दुसऱ्यावर पाठीवर छत्रीसारखा स्थिर घुमट असलेलं. मग हॉकआयची पहिली पिढी. तिच्यातले संगणक समुद्राच्या खाऱ्या हवेत रोज आजारी पडायचे. त्या काळातल्या मेकॅनिकचं सांगणं अजितने टेपवरून उतरवून जसंच्या तसं लावलं होतं: 'आम्ही सर्किटची कार्डं बाहेर काढायचो, पुसायचो, परत बसवायचो आणि प्रार्थना करायचो.' व्हिएतनामच्या समुद्रातली वर्षं होती. तिथे त्याने पाडलेल्या विमानांची यादी दिली नव्हती. इंधन संपत आलेल्या, मार लागलेल्या कुठल्या वैमानिकांना या लोकांनी आवाजाने वाट दाखवून जहाजापर्यंत आणलं, ते लिहिलं होतं. मी एकतीस वर्षं मुलांना लढाया शिकवल्या. असा तक्ता मला सुचला नसता.

शेवटच्या आधीच्या तक्त्यावर पाच फोटो होते. जहाजावरून उडताच समुद्रात गेलेल्या एका विमानातले पाच जण. त्यातला पाचवा फोटो कुठेच मिळत नव्हता. अजित सुट्टी काढून, चार तास गाडी चालवत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका खेड्यात गेला आणि त्या माणसाच्या विधवेला भेटला. तिचं नाव हेलन. ती आज आली होती, फुलाफुलांचा झगा घालून, पर्स दोन्ही हातांनी धरून. तक्त्यासमोर ती बराच वेळ उभी होती. अजित तिच्या शेजारी. तिने मला विचारलं, "हा तुमचा कोण?"

"माझ्या बहिणीचा मुलगा," मी अभिमानाने म्हणालो. इंग्रजीत मला ते अगदी सहज जमलं.

"त्याने माझ्या स्वयंपाकघरात बसून पाच तास ऐकून घेतलं," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं."

मी लाडवांचा डबा उघडला आणि तिला एक दिला. तिने तो केकच्या कागदी बशीत ठेवला आणि काट्याने तोडायला लागली.

तेवढ्यात मागून आवाज आला. "नमस्कार! तुम्ही आपल्याकडचे का?"

पन्नाशीचे एक गृहस्थ, सूट-टाय, बरोबर पत्नी. काळे त्यांचं नाव. त्यांची कंपनी नौदलाला काही यंत्रं पुरवायची, म्हणून त्यांना आमंत्रण होतं. सांगली म्हटल्यावर त्यांना आनंद झाला, काकू मिरजेच्या निघाल्या. परक्या मुलखात मराठी कानावर पडलं की किती बरं वाटतं ते सांगायला नको. दोन मिनिटं मस्त गेली. मग काळ्यांची नजर अजितच्या छातीवर गेली.

"सोमण?" ते मला म्हणाले. "अहो, पुण्याला इंजिनिअरिंगला प्रभाकर सोमण माझ्या हॉस्टेलवर होता. न्यू जर्सीत असतो. हा त्याचा कोणी का? चेहरा तसाच वाटतोय."

अजित माझ्यापासून दोन हातांवर होता. मला सुमनचा आवाज आठवला, कोशिंबिरीचं भांडं आठवलं. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. आमचा भाचा सैन्यात यंत्रं पुसतो, हे या सुटातल्या माणसाला सांगायला माझीही जीभ रेटली नाही. घरच्यांची काळजी मी पुढे केली, मागे माझाच कमीपणा होता.

"छे हो," मी म्हणालो. "आडनाव सारखं असेल. माझी काही ओळख नाही. हा मुलगा सगळ्यांना माहिती देतोय."

काळ्यांना तरी राहवेना. ते अजितकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "यंग मॅन, तू प्रभाकर सोमणचा मुलगा आहेस का?"

अजितने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ताठ उभा राहून म्हणाला, "नो, सर. नो रिलेशन. इट्स अ कॉमन नेम."

हेलनचा काटा बशीवर थांबला. तिला मराठी कळत नव्हतं, पण हे वाक्य इंग्रजीत होतं, आणि अजितच्या वडिलांचं नाव तिला माहीत असावं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने बशी टेबलावर ठेवली आणि अजितचा दंड धरून त्याला दुसऱ्या तक्त्याकडे घेऊन गेली.

काळे दांपत्य माझ्याशी आणखी पाच मिनिटं बोललं. मिरजेचं काय बोललो, आठवत नाही.

टाळ्या

सगळे खुर्च्यांवर बसले. मी मागच्या ओळीत जागा धरली. कमांडिंग ऑफिसर व्यासपीठावर जायच्या आधी अजित त्यांच्याजवळ गेला आणि कानात काहीतरी बोलला. त्यांनी कपाळाला आठी घातली, माझ्या दिशेने पाहिलं, मग खिशातलं पेन काढून हातातल्या कागदावर एक ओळ खोडली.

ती ओळ काय होती ते मला थोड्या वेळाने कळलं. समारंभासाठी लांबून आलेल्या घरच्यांची नावं ते वाचत होते. टेक्सासहून आई-वडील आले, उभे राहिले, टाळ्या. मेनहून आजोबा आले, उभे राहिले, टाळ्या. सगळ्यांत लांबून, दोन समुद्र ओलांडून आलेला माणूस मागच्या ओळीत बसून होता आणि त्याचं नाव आलं नाही. मी स्वतःहून उठू शकत होतो. पाय होते, आवाज होता. काळे माझ्या पुढे चार खुर्च्या सोडून बसले होते. मी बसून राहिलो.

मग अधिकारी म्हणाले, "पेटी ऑफिसर सोमन." त्यांना ण म्हणता येत नव्हता. "या तरुणाने आठ महिने आपल्या सुट्ट्या या स्क्वॉड्रनला दिल्या. आज त्याच्या घरचं कुणी इथे नाही. तेव्हा आपणच त्याच्या घरचे."

सगळं हँगर उठून उभं राहिलं. चाकाच्या खुर्चीतल्यांनी हात वर केले. टाळ्या पत्र्याच्या छपराला लागून परत येत होत्या. आणि त्या सगळ्यांबरोबर मीही उभा राहिलो आणि टाळ्या वाजवल्या, एक परका माणूस म्हणून. अजितने सरळ समोर पाहत सलाम केला.

घरी परतताना गाडीत मी म्हणालो, "अजित, चुकलं माझं."

"आईने सांगितलं असेल ना तुला." त्याने गिअर बदलला. "इट्स फाइन."

"पण तू त्यांना 'नाही' का म्हणालास?"

"तू खोटा पडला असतास. सगळ्यांसमोर." पुढच्या सिग्नलला तो म्हणाला, "मामा, मला मराठी कळतं. मी बोलत नाही नीट. पण कळतं सगळं. एव्हरीबडी फरगेट्स."

त्या संध्याकाळी त्याने मला समुद्रकाठच्या एका साध्या हॉटेलात नेलं. गोड थंडगार चहा प्यायला दिला, मक्याचे तळलेले गोळे मागवले, खारे शेंगदाणे घेतले. मला काय चालतं, काय नाही, ते त्याने वेट्रेसला तीनदा समजावून सांगितलं. त्याच्या वागण्यात तसूभर फरक नव्हता. फक्त त्या संध्याकाळपासून मी निघेपर्यंत त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही.

रविवारी सकाळी बसमध्ये चढताना त्याने स्क्वॉड्रनच्या इतिहासाची पुस्तिका माझ्या हातात दिली. पूल मागे पडल्यावर मी ती उघडली. आभाराचं पान शेवटी होतं. त्यात म्हाताऱ्या मेकॅनिकची नावं होती, हेलनचं होतं. आणि सगळ्यांत खाली इंग्रजीत छापलं होतं: 'इतिहास कसा विचारायचा हे मला भारतातल्या माझ्या मामाने पत्रांतून शिकवलं. तो आज इथे आपल्यात हजर आहे.' पुढे माझं नाव, माझ्या शाळेचं नाव, सांगली.

हँगरमधल्या प्रत्येक खुर्चीवर या पुस्तिकेची एक प्रत ठेवलेली होती. मी जिच्यावर बसलो तिच्यावरही. मी ती न उघडता मांडीखाली सरकवली होती.

पुन्हा वेस्ट विंडसर

सुमनला मी सांगितलं, समारंभ छान झाला. पुस्तिका बॅगेच्या तळाशी ठेवली. मंगळवारी जेवताना फोन वाजला. प्रभाकरराव उठले. सुरुवातीला मोठ्याने हसत होते, "अरे काळ्या, किती वर्षांनी!" मग हसणं थांबलं. बराच वेळ ते नुसतं "हो... हो" म्हणत होते. फोन ठेवून परत आले, खुर्चीवर बसले, पण ताटाला हात लावला नाही.

"काळेचा फोन होता," ते म्हणाले. "त्याने पुस्तिका वाचली. म्हणाला, तुझ्या मुलाने जे काम केलंय ते माझ्या मुलांनी केलं असतं तर मी गावभर पेढे वाटले असते." मग माझ्याकडे वळले. "अण्णा, तुम्ही त्याला ओळखत नाही म्हणालात?"

सुमनने तोंडावर हात नेला.

"हो," मी म्हणालो.

"त्याच्या समोर?"

"हो."

ते माझ्यावर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "दोन वर्षं मी लोकांना खोटं सांगतोय. तुम्हाला बोलायचा मला काय हक्क आहे! पण तो समोर उभा असताना..." त्यांनी ताट बाजूला सारलं. "माझ्या तोंडून हे निघालं नसतं, असं म्हणणार होतो मी. पण निघालंच असतं. तुमच्याऐवजी मी गेलो असतो तर मीच म्हणालो असतो."

स्क्वॉड्रन दहा दिवसांनी समुद्रावर जाणार होतं, सहा महिन्यांसाठी. त्या शनिवारी दोघं नॉरफोकला निघाली. सुमनने पहाटे उठून पुन्हा लाडू वळले. गाडीत मागची जागा रिकामी होती. प्रभाकरराव मला म्हणाले, "तुम्ही घराकडे लक्ष ठेवा." मी बरं म्हणालो आणि गॅरेजचं दार त्यांच्यामागे ओढून घेतलं. दोन दिवस मी त्या घरात एकटा होतो. समोरचा शेजारी गवत कापायला आला आणि हात हलवून माझ्याकडे बघून हसला. मीही हात हलवला. त्याला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं, याचं मला बरं वाटलं.

ती दोघं परत आली तेव्हा प्रभाकररावांच्या डोक्यावर स्क्वॉड्रनची निळी टोपी होती. ती त्यांनी जेवतानाही काढली नाही.

सांगली

मी परत आल्यावर तीन महिन्यांनी अजितचं पत्र आलं, जहाजावरून. पत्त्यात गाव नव्हतं, नुसते आकडे. इंग्रजीत होतं. उकाडा, जेवण, झोपेची वेळ, एका बिघडलेल्या यंत्राची हकिकत. मग लिहिलं होतं: 'डॅड दोन दिवस राहिले. मी त्यांना विमान दाखवलं. त्यांनी दीड तास प्रश्न विचारले. ते तुझ्यामुळे आले. तू मुद्दाम केलं नाहीस, पण तुझ्यामुळेच आले.'

हे मी अनेकदा वाचलं. त्यात राग शोधला, सापडला नाही. माया शोधली, तीही सापडली नाही. जे घडलं ते त्याने लिहिलं होतं.

हे सगळं मी माझ्यापाशीच ठेवलं असतं. पण मध्यंतरी मिरजेला एका लग्नात आमच्या थोरल्या मावशी भेटल्या. पंगतीत माझा हात धरून, आजूबाजूच्या दहा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुमनचं पत्र आलं हो! अण्णा होता म्हणून बापलेक एक झाले. स्वतः उठून तिकडे गेला, मुलाची समजूत घातली, बापाची घातली. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं."

सुमनने खरंच तसं लिहिलं होतं की मावशींनी त्यात भर घातली, मला माहीत नाही. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. आणि मी म्हणालो, "चालायचंच. घरातल्या मोठ्या माणसाने नाही करायचं तर कुणी?" वाढप्याने जिलबी पुढे केली. मी दोन घेतल्या.

घरी येऊन कपडे न बदलताच खुर्चीवर बसलो. नॉरफोकला मी घाबरून खोटं बोललो होतो. मिरजेला मला कुणाचीही भीती नव्हती. इथे मी नुसता हावरेपणाने खोटं बोललो होतो.

त्या आठवड्यात मी हे लिहून काढलं आणि छापायला देण्याआधी दोन प्रती पाठवल्या. सुमनचं उत्तर आधी आलं: 'अण्णा, कशाला हे? लोक तुला काय म्हणतील?' अजितचं उत्तर महिन्याने आलं. त्याने मजकुरात तीन दुरुस्त्या सुचवल्या होत्या. तबकडीबद्दल एक, व्हिएतनामच्या तक्त्याबद्दल एक, आणि हेलनचा झगा फुलाफुलांचा नव्हता, निळा होता, अशी एक. पहिल्या दोन मी केल्या आहेत. झगा मला फुलाफुलांचाच आठवतो, म्हणून तो तसाच ठेवला आहे. पत्राच्या शेवटी त्याने लिहिलं होतं, 'छाप. माझं नाव बदलू नकोस.'

बदललेलं नाही. माफ केलं असं काही त्याने लिहिलेलं नाही, आणि ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.